छाटलं तर मोडायचं

भूदेवी कुडक्याल विड्यांच्या सकाळच्या चौथ्या कट्ट्याला दोरा गुंडाळत होती, तेवढ्यात सुनेचा फोन बोलायला लागला.

"अंबिका श्रीनिवास कुडक्याल. लस-चाचणीसाठी आपली निवड झालेली नाही. कारण क्रमांक सात. आपल्या रक्तात तंबाखूचा अंश सापडला आहे. आपण तंबाखू घेत नाही, असे सांगितले होते. आपली माहिती विश्वासार्ह नाही. पुढील सहा महिने अर्ज करता येणार नाही. काळजी घ्या."

आवाज गोड होता. रक्त तपासणाऱ्या यंत्राचा, म्हणजे पारखचा, आवाज नेहमीच गोड असायचा. लग्नाची पत्रिका वाचावी तशी ती बोलायची.

अंबिका भिंतीला टेकून विडीची ओली पानं पत्र्याच्या फर्म्यावर मापानं कापत बसली होती. तिच्या डाव्या गालातली गाठ काढून तेवीस दिवस झाले होते. हनुवटीपासून कानापर्यंत टाक्यांची लाल रेघ होती आणि बोलताना तोंड अर्धंच उघडत होतं. कात्री हातात तशीच धरून ती फोनकडे बघत राहिली. तिचा नवरा श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात निघाला होता. शर्टाचं एक बटण लावलेलं, बाकीची उघडी.

"खातेस व्हय तू?" त्यानं विचारलं.

अंबिकानं नकारार्थी मान हलवली.

"मग ते काय सांगालंय?"

"मशीन कशाला खोटं बोलेल?" भूदेवी म्हणाली. "तिच्या भावाच्या खिशात कायम पुडी. माहेरचं वळण. मी लग्नातच बघितलं होतं."

अंबिकानं कात्री खाली ठेवली. "शोधा," ती म्हणाली. तोंडातून शब्द जाडसर येत होते. "पेटी उघडा. सापडलं तर मला पण दाखवा."

आणि त्या माऊलीनं खरंच पेटी उघडली. साड्या झटकल्या, सुईदोऱ्याचा डबा उपडा केला, देवाच्या फोटोमागंसुद्धा हात घालून बघितला. एक जुनी राखी आणि माहेरच्या घराची किल्ली, एवढंच निघालं. श्रीनिवास मान खाली घालून कामावर गेला. अंबिकानं साड्यांच्या घड्या एकेक करून पुन्हा घातल्या, आणि सुपापुढं येऊन पानं कापायला लागली.

सोलापूरच्या पूर्वेला विडी कामगार बायकांच्या घरकुलात हे घडत होतं. गेली वीस वर्षं लोक म्हणत होते की विडी आता दहा वर्षांत संपणार. विडी काही संपली नव्हती. बाकी जग मात्र पुष्कळ पुढं गेलं होतं, आणि त्याच पुढं गेलेल्या जगातून पारख आली होती.

पाच वर्षांपूर्वी घरकुलात एक पांढरी गाडी आली आणि प्रत्येक बाईच्या बोटाचा एक थेंब रक्त घेऊन गेली. तेव्हापासून ती दरवर्षी यायची. शरीरात कुठं गाठ वाढत असेल तर तिच्या मेलेल्या पेशींचे बारीक तुकडे रक्तात वाहत असतात. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाहीत. पारखला दिसायचे. तुकडा बघून ती गाठ कुठली, कशी, किती दिवसांची, हे सांगायची. अंबिकाची गाठ हाताला लागण्याआधीच पारखनं पकडली होती, हे खोटं नव्हतं.

पारखचं दुसरं काम याहून मोठं होतं. जगात रोज कुठं ना कुठं कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी चाललेली असते. पूर्वी अशा चाचणीत शिरायचं तर मोठ्या शहरात घर पाहिजे, ओळखीचा डॉक्टर पाहिजे आणि त्या डॉक्टरला वेळेवर आठवण व्हायला पाहिजे. खेड्यातल्या माणसाला चाचणी चालू होती हे कळायचंसुद्धा नाही. पारख सगळ्यांचे अहवाल वाचायची, सगळ्या चाचण्यांचे नियम वाचायची आणि जुळणी लावायची. औषध थंडपेटीतून घराजवळच्या आरोग्य केंद्रात यायचं. सुई तिथली नर्स द्यायची. दंडावर चिकटवलेली एक पट्टी ताप, नाडी, सूज सगळं कळवत राहायची. दार असं घरापर्यंत आलं होतं. उंबरा मात्र जुनाच होता, आणि तो बराच उंच होता.

अंबिकासाठी जुळलेली लस खास तिच्यापुरतीच होती. काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला. त्या गाठीच्या पेशींवर ज्या खुणा होत्या, त्या वाचून लस बनवली. शरीराच्या पहारेकऱ्यांना ती लस चोराचा चेहरा दाखवते. उरलीसुरली पेशी कुठं लपली असेल तर ते तिला ओळखून मारतात. निदान मारतील अशी आशा, कारण चाचणी त्यासाठीच होती. शस्त्रक्रियेपासून चाळीस दिवसांत पहिली सुई टोचली पाहिजे, नाहीतर उपयोग नाही. लस तयार झाली होती. अंबिकाच्या नावाची बाटली शहरातल्या दवाखान्याच्या थंडपेटीत येऊन पडली होती. आणि ऐनवेळी रक्ताचा शेवटचा अहवाल आला, कारण क्रमांक सात.

हातात सतरा दिवस होते.

*

दुसऱ्या दिवशी भूदेवी सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर रोहिणी हत्तुरे अंबिकावर उपचार करत होत्या. पन्नाशीच्या, डोळ्याखाली काळं आलेल्या, बोलायला तुटक. भूदेवीनं आत शिरल्याबरोबर हात जोडले.

"पोरीची चूक झाली, बाई. पदरात घ्या. मी लक्ष ठेवीन. पुन्हा तोंडात घालणार नाही ती."

"अत्तम्मा!" अंबिका ओरडली, आणि गाल धरून खाली बसली. घरात तेलुगू चालायचं, म्हणून सासूला ती अत्तम्मा म्हणायची. आजवर या शब्दात एवढा राग कधी नव्हता.

डॉक्टरीणबाई भूदेवीच्या जोडलेल्या हातांकडे बघत होत्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हीची टोकं हळदीत बुडवावी तशी पिवळी-तपकिरी. मग त्यांनी अंबिकाचा हात उलटा करून बघितला. तीच तीन बोटं.

"विड्या वळताना हातात काही घालता?"

"काय घालणार?"

"हातमोजे."

भूदेवीला हसू आलं. "हातमोजा घालून विडी वळते का कुठं? टोक दुमडायचं कसं? पानाला बोट कळायला पाहिजे की."

"आणि दिवसभर जर्दा बोटात."

"सकाळी सातपासनं. माझं चाळीस वर्षं झालं. हिचं अठरा."

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या बोटाला सुई टोचली. टेबलावरच्या छोट्या यंत्रात थेंब घातले. दहा मिनिटं गेली. तंबाखू शरीरात गेली की तिचं एक वेगळंच द्रव्य बनतं, ते रक्तात दोन-चार दिवस राहतं, आणि यंत्र तेच मोजतं. तंबाखू तोंडानं गेली, नाकानं गेली की कातडीतून झिरपली, हे त्या द्रव्यावर लिहिलेलं नसतं.

"चाचणीला दहाच्या आत पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंबिकाचं चौतीस. खाणाऱ्या माणसाचं दीडशे, दोनशे असतं. ही खात नाही. हिच्या हातातून जातंय."

भूदेवी सुनेकडे बघायला गेली आणि तिला बघवेना. सूप मांडीवर कसं घ्यायचं, पान किती ओलं ठेवायचं, जर्दा चिमटीत किती धरायचा, हे सगळं त्या हातांना तिनंच शिकवलं होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी.

"आणि तुमचं दोनशे ऐंशी आहे, भूदेवीबाई."

"ऑं?"

"तुम्ही तंबाखू खाता?"

"छे! मार्कंडेयाची शपथ. आयुष्यात शिवले नाही."

"दात कशानं घासता?"

"मिश्रीनं. सगळ्या बायका मिश्रीनंच घासतात."

"किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. संध्याकाळी जरा. डोकं दुखलं तर."

"मिश्री कशाची करतात?"

"तव्यावर भाजून…" भूदेवी थांबली. घरकुलात आजवर कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. मिश्री ही दात घासायची वस्तू. ती खायची वस्तू नव्हेच. सरकारी माणूस येऊन विचारायचा, तंबाखू खाता का, आणि चाळीस बायका काळे दात दाखवत एका सुरात नाही म्हणायच्या. त्यांच्या मनात खोटं बोलण्याचा विचारही नसायचा.

"तंबाखूची," ती हळूच म्हणाली.

खोलीत एक विचित्र आवाज झाला. अंबिका हसत होती. टाके ताणले जाऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी गाल दाबून धरून ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"माझी पेटी उघडली होती," ती म्हणाली. "तुमचा मिश्रीचा डबा तर देव्हाऱ्यात असतो."

भूदेवीनं पदर तोंडाला लावला. काल पेटीत घातलेले आपलेच हात तिला आठवले.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच पारख चालवणाऱ्या आणि लस बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. नियम सगळ्या देशांना सारखे आहेत. तंबाखूनं शरीराचे पहारेकरी सुस्तावतात आणि लस चालली की नाही याचा हिशेब गढूळ होतो, म्हणून स्वच्छ रक्ताचीच माणसं घ्यायची. शिवाय उमेदवारानं चुकीचं उत्तर दिलं आहे. सहा महिन्यांची बंदी उठवता येत नाही.

"दहा दिवस काम सोडलं तर रक्त स्वच्छ होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बंदी त्या उत्तरावर आहे. आणि ती एकटीवर नाही. मी आज पहिल्यांदा आकडे काढून बघितले. तुमच्या घरकुलातल्या एकसष्ट बायका पाच वर्षांत अशा नाकारल्या. पारखनं तुमच्या भागाबद्दल मत करून ठेवलंय की इथल्या बायका नाही म्हणतात आणि रक्तात तंबाखू निघते. आता ती इथल्या बाईला मनापासून विचारतसुद्धा नाही."

"तोंडाच्या कॅन्सरचं औषध ना हे?" भूदेवीनं विचारलं.

"हो."

"तो तंबाखूनं होतो ना?"

"बहुतेक वेळा."

"आणि तंबाखूवाल्याला द्यायचं नाही. मग बघणार कुणावर?"

डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न तसाच कागदावर उतरवून घेतला, आणि भूदेवीला ती बाई तिथून पुढं आवडायला लागली.

"त्या एकसष्ट जणींचं रक्त कुठंय?"

"पारखकडे. नाकारलेल्यांची माहितीही ती ठेवते. त्यावरच शिकते. खरं सांगायचं तर घरकुलातल्या चार हजार बायकांच्या रक्तावरच ती तोंडाचा कॅन्सर ओळखायला शिकली. आज देशभर त्याच शिकवणीवर चाललीय."

भूदेवी उठून उभी राहिली. "छाटायचं आणि ठेवूनपण घ्यायचं?" ती म्हणाली. "हे आमच्याकडं होऊन गेलंय, बाई."

*

विड्या दुपारी कारखान्याच्या ब्रँचवर द्यायच्या असतात. तिथं चेकर कट्टे सोडतो, विडी बघतो, आणि सैल, आखूड, फाटकी असली की बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. छाटलेली विडी मोजणीत धरत नाहीत, तिचे पैसे मिळत नाहीत. भूदेवी तरण्या वयात होती तेव्हा मल्लिनाथ नावाचा चेकर होता. तो छाट आपल्या टोपलीत टाकायचा आणि टोपली संध्याकाळी आतल्या दारानं मालाबरोबरच जायची. बायकांना हे कळलं तेव्हा नऊ दिवस एकही विडी ब्रँचवर गेली नाही. दहाव्या दिवशी ठरलं, की छाटलं तर बाईच्या डोळ्यांपुढं मोडायचं. मोडायचं नसेल तर ती चांगली विडी, मोजणीत धरायची. तेव्हापासून घरकुलाच्या ब्रँचवर प्रत्येक बाई आपली छाट स्वतःच्या हातानं मोडते. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून छाट निम्म्यानं कमी निघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रँचपुढच्या पत्र्याच्या सावलीत भूदेवीनं हे सगळं पुन्हा सांगितलं. दीडशे बायका होत्या. पुढं सत्तव्वा बसली होती, भूदेवीच्या वयाची, अंगानं तिच्या दुप्पट.

"म्हणजे मिश्री तंबाखू आहे म्हणतीस?" सत्तव्वानं विचारलं.

"आहे."

"मग मी पन्नास वर्षं व्यसनी बाई आहे?"

"आहेस."

"बघ की! नवऱ्याला जन्मभर शिव्या दिल्या पुडीवरनं. मेला तो. आता माफी कुणाची मागू?"

बायका हसल्या. भूदेवी थांबली आणि म्हणाली, "मिश्रीवालीनं मिश्री म्हणून सांगायचं. लाजायचं नाही. जी नुसती वळते तिनं वळते म्हणून सांगायचं. पण खोटं कुणी बोललेलं नाही. आपल्याला नीट विचारलंच नाही कुणी. आता आपण छाट आहोत तर आपलं रक्त मोडू दे. नाहीतर मोजणीत धरू दे."

रक्त देताना प्रत्येकीनं फोनवर आपल्या आवाजात संमती दिली होती. कायदा असा होता की जी संमती आवाजानं दिली ती आवाजानंच परत घेता येते. सात दिवसांनी यंत्राला त्या माणसाकडून शिकलेलं सगळं विसरावं लागतं.

सगळ्यात आधी सत्तव्वानं फोन तोंडाशी धरला. "सत्तव्वा राजेशम बुरा. मी मागं घेते." मग बाकीच्या. मागं घेते. मागं घेते. संध्याकाळपर्यंत घरोघर फोन फिरले. अकराशे. दुसऱ्या दिवशी अडीच हजार.

यंत्राला विसरायला लावणं सोपं नसतं. डाळीच्या आमटीतून मीठ वेगळं काढण्यासारखं ते काम. मीठ काढता येत नाही, आमटी पुन्हा करावी लागते. पारखच्या अभियंत्यांनी घरकुलाशिवायची आमटी करून बघितली, तेव्हा तोंडाच्या दर शंभर गाठींतल्या एकोणतीस तिला दिसेनात.

डॉक्टर हत्तुरे धावत घरकुलात आल्या. "अक्का, हे खरंच पुसलं गेलं तर कुणातरी परक्या माणसाची गाठ निसटेल. तो तुमच्यासारखाच कुणीतरी असेल."

भूदेवीचा हात सुपातच थांबला. हे तिच्या मनात आलं नव्हतं, असं नाही. रात्री आलं होतं, आणि तिला झोप लागली नव्हती.

"अजून पाच दिवस आहेत, बाई," ती म्हणाली. "पुसायचं की नाही ते त्यांच्या हातात. आम्ही नऊ दिवस विडी दिली नव्हती तेव्हापण लोक म्हणाले होते, मुलं उपाशी मरतील. खरंच होतं ते. मग आमच्याशी बोलायला कोण आलं असतं, तुम्हीच सांगा."

डॉक्टरीणबाई पाणी प्यायल्या. गेल्या नाहीत. सुपाशेजारी बसून विचारायला लागल्या की फर्मा कसा धरतात.

*

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. निखिल परांडेकर नाव, वागायला नम्र. चपला बाहेर काढून आत आला, चहा घेतला, गालाची चौकशी केली. बाहेर बायका जमल्या. खिडकीत डोकीच डोकी.

"आम्ही अंबिकाताईंना चाचणीत घ्यायला तयार आहोत," तो म्हणाला. "परवाच सुई देऊ. खास बाब म्हणून. तुम्ही फक्त बाकीच्यांना संमती परत द्यायला सांगा."

भूदेवीचं पुढारीपण कुठल्या कुठं गेलं. परवा! तेरा दिवस राहिले होते, आणि हा माणूस परवा म्हणत होता. तिचं तोंड 'हो' म्हणायला उघडलंसुद्धा.

"कारण सात काढणार?" अंबिकानं विचारलं.

"म्हणजे?"

"माझी माहिती विश्वासार्ह नाही असं लिहिलंय. ते खोडणार?"

"ते… नियमात आहे, ताई. ते राहील. पण अपवाद करून तुम्हाला…"

"म्हणजे मी खोटारडीच. पण माफ केलेली."

"तसं नाही, पण…"

"मला माफी नको," अंबिका म्हणाली. "मी काही केलं नाही."

"मरशील, बाई!" भूदेवी ओरडली. "घे की! बाकीचं मी बघते नंतर!"

अंबिकानं सासूकडे बघितलं. हळूहळू, एकेक शब्द जुळवत ती बोलली, कारण तोंड साथ देत नव्हतं. "अत्तम्मा, तुम्ही मशीनवर विश्वास ठेवला आणि माझी पेटी उघडली. उद्या शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची पेटी उघडतील. तिची पण सासू असेल. मी सुई घेऊन गप्प बसले तर ती कुणाला सांगणार?"

श्रीनिवास दारात उभा होता. त्यानं आत येऊन बायकोशेजारी जमिनीवर बैठक मारली. एवढंच. पण अठरा वर्षांच्या संसारात त्यानं चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

भूदेवीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि परांडेकरांकडे वळली.

"साहेब, माझ्या सुनेच्या नावाची बाटली तुमच्याकडं आहे ना?"

"आहे. थंडपेटीत."

"ती दुसऱ्या कुणाला चालते?"

"नाही. ती फक्त त्यांच्यासाठीच बनवली आहे."

"चाळीस दिवस झाले की काय करणार तिचं?"

परांडेकर अडखळले. "नियमानुसार नष्ट करतात."

"कोण करतं?"

"असते एक यंत्रणा."

"तसं नाही चालणार. आमच्यात छाट बाईच्या डोळ्यांपुढं मोडतात. तुम्ही तिला छाटलीत ना? मग बाटली इथं आणा. ब्रँचपुढं, सगळ्या बायका बघतील अशी. आणि तुमच्या हातानं फोडा. हिच्याकडं बघत फोडा. आम्ही अडवणार नाही. फोडली की आम्ही सगळ्या संमती परत देतो. शब्द आहे माझा."

परांडेकरांनी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता. त्यांनी अंबिकाच्या गालाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि कप परत ठेवला.

"मला हे करता येणार नाही," ते म्हणाले, आणि या वेळी तो आवाज कंपनीच्या माणसाचा नव्हता.

"फोडवत नाही ना? मग ती छाट नाही," भूदेवी म्हणाली. "मोजणीत धरा."

*

त्या खिडकीतल्या कुणीतरी हे सगळं फोनवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते कुठं कुठं गेलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी बघितलं, गोंदियाच्या विडीवाल्या बायकांनी बघितलं. त्यांच्याकडूनही 'मागं घेते' सुरू झालं. सहाव्या दिवशी चाचणीच्या नीतिसमितीनं उघडी बैठक बोलावली. डॉक्टर हत्तुरेंनी आकडे मांडले. परांडेकरांनी, कुणी सांगितलेलं नसताना, हात वर करून सांगितलं की नियम बदलावा असं आपलं मत आहे. मग पडद्यावर भूदेवीला बोलायला सांगितलं.

"मी मिश्री लावते," तिनं सुरुवात केली. "दिवसातनं चारदा. माझ्या सुनेला मी चोर ठरवलं आणि माझे दात काळे. तर चूक माझ्याकडनं पण झाली. पण तुम्ही शिकलेली माणसं. तंबाखू खाता का विचारलंत. दात कशानं घासता विचारलं नाही. हात दिवसभर कशात असतात विचारलं नाही. तुम्हाला स्वच्छ रक्त पाहिजे. स्वच्छ रक्ताच्या माणसाला हा रोग किती होतो? आमच्या रक्तात लस चालत नसेल तर तसं लिहा. तेपण औषधच आहे, दुसरं शोधायला लागाल. पण बघायच्या आधीच छाटू नका."

समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "प्रश्न कसे विचारायचे, ते तुम्ही सांगाल का?"

संध्याकाळपर्यंत घरकुलातल्या बायकांनी ते प्रश्न सांगितले आणि डॉक्टर हत्तुरेंनी उतरवून घेतले. सत्तव्वाचा आग्रह होता की 'नवरा काय ओढतो' हेही विचारावं, कारण घरात धूर त्याचा असतो. तो प्रश्नही आला. तंबाखूची मर्यादा नियमातून गेली. तिच्या जागी लिहिलं गेलं, की मोजावी, कुठून आली ते नोंदवावं, आणि माणसाला आत घ्यावं. कारण क्रमांक सात एकसष्ट नावांपुढून खोडलं. त्यांतल्या बावीस बायका तोवर गेल्या होत्या. त्यांच्या नावापुढूनही ते खोडलं पाहिजे, यावर भूदेवी अडून बसली, आणि खोडून घेतलं. सातवा दिवस उजाडायच्या आत बायकांनी संमती परत दिली, काही जणींनी शिव्या घालत.

*

सदतिसाव्या दिवशी बाटली घरकुलाच्या आरोग्य केंद्रात आली. करंगळीएवढी. एवढ्याशा वस्तूसाठी एवढं झालं, म्हणून सत्तव्वा तिला दोनदा वाकून बघून गेली.

"चालेल ना हे?" भूदेवीनं विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणालाच नाही. तेच बघायचंय."

"बरं. खरं बोलता तुम्ही."

मिश्रीचा डबा त्या दिवशी देव्हाऱ्यात नव्हता. भूदेवीनं तो ओट्याखाली ठेवला होता. फेकला नव्हता, साठीच्या बाईकडून एका आठवड्यात यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. मात्र अंबिकाच्या वाटच्या विड्या गेले पंधरा दिवस तीच वळत होती. सुनेनं मधूनच सूप ओढून घेतलं की भांडण व्हायचं, आणि ते भांडण दोघींनाही बरं वाटायचं. कालच अंबिकानं भांडण जिंकून चार कट्टे वळले होते.

टेबलावरचा फोन उजळला. पारखचा तोच गोड आवाज.

"अंबिका श्रीनिवास कुडक्याल. आपण दात कशाने घासता?"

"पेस्टनं."

"आपले हात दिवसभर कशात असतात?"

"विडीत. पानात, जर्द्यात."

"घरात कुणी तंबाखू घेते का?"

"अत्तम्मा. मिश्री. सोडते म्हणतात."

भूदेवीनं तोंड वाकडं केलं. दारातल्या बायका खुदकन हसल्या.

नर्सनं अंबिकाच्या बोटाचा थेंब घेतला. थेंब यंत्रात गेला. "अंबिका, आपल्या रक्तात तंबाखूचा अंश आहे. अठरा."

दारातलं हसू एकदम थांबलं. भूदेवीनं नकळत सुनेचा पदर मुठीत धरला.

"कारण, विडीकाम," पारख म्हणाली. "नोंद घेतली."

"पुढं?" अंबिकानं विचारलं.

"पुढे काही नाही. हात पुढे करा."

अंबिकानं बाही वर सारली आणि हात पुढं केला. तीन बोटांची टोकं पिवळीच होती.